दाराविना गाव

बँकेत असताना स्ट्राँगरूमची एक किल्ली माझ्याकडे असे, दुसरी हेडकॅशियरकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडायचे नाही. दोन सज्जनांवर संस्थेने दाखवलेला हा रीतसर अविश्वास! रात्री किल्ली उशाखाली. म्हणूनच शनिशिंगणापूरला पहिल्यांदा गेलो तेव्हा देवाआधी मी घरांच्या चौकटीच पाहत राहिलो. चौकट आहे, कवाड नाही.

अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) जिल्ह्यातले, नेवासे तालुक्यातले हे गाव. पुरात काळी शिळा वाहत आली, काठी टोचताच तिच्यातून रक्त आले. मग शनिदेवाने स्वप्नात सांगितले, 'मला छप्पर नको, तुमची घरे मी राखीन.' अशी आख्यायिका. देव आजही उघड्या चौथऱ्यावर उभा आहे. कुत्री शिरू नयेत म्हणून गावकरी रात्री दारात फळी टेकवीत, इतकेच.

त्या वेळी पुरुष आंघोळ करून ओलेत्याने चौथऱ्यावर जात. मी पाकीट सौ.कडे दिले आणि वर गेलो. ती खाली, चपला सांभाळत. घराघराला दार नसलेल्या गावात चौथऱ्याची पायरी मात्र बायकांना बंद होती, हे तेव्हा मला खटकलेही नाही! ती पायरी खुली व्हायला आंदोलन आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला. ८ एप्रिल २०१६, गुढीपाडवा.

देवाचा धाक खराच, पण गाव लहान होते, सगळे सगळ्यांना ओळखत, हेही एक कुलूपच होते. नव्वदच्या दशकात कॅसेटी-चित्रपटांनी शनिदेव देशभर पोचले, शिर्डीच्या गाड्या इकडे वळू लागल्या, शनिअमावास्येला लाखोंची गर्दी होऊ लागली. तेल आणि रुईच्या माळांवर कित्येकांचे संसार उभे राहिले. अनोळखी माणसांबरोबर चोरीच्या तक्रारीही आल्या. २०१५ मध्ये पोलीस ठाणे झाले.

आणि २०११ मध्ये युको बँकेने इथे 'बिनकुलपाची' शाखा काढली. मी निवृत्त बँकवाला. दुसऱ्या खेपेला ती मुद्दाम पाहिली. काचेचे दार. त्याला रिमोटवर चालणारे, सहज न दिसणारे कुलूप आहे म्हणतात. रोकड अर्थातच स्ट्राँगरूममध्ये. आमच्या जातभाईंनी देवाचाही मान राखला आणि नियमाचाही!

त्या खेपेला सौ. पुढे, मी मागे. दर्शनानंतर टपरीवर चहा घेताना माझा हात नकळत खिशाकडे गेला.

"किल्ली माझ्या पर्समध्ये आहे," ती म्हणाली.