विजय तांबे कुठे गेले?

१९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या आपल्या अधिकाऱ्यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘सिमल्यात आपण ९३,००० पाकिस्तानी सोडले, तेव्हा आपलेही परत आले.’ हे दोन्ही चूक. २ जुलै १९७२ च्या सिमला करारात त्या ९३,००० जणांची सुटका ठरलीच नव्हती; ती ठरली ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारात. त्याआधी, डिसेंबर १९७२ मध्ये, वाघा सीमेवरून ६०० हून अधिक भारतीय युद्धकैदी परतले होते. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे त्यांच्यात नव्हते.

५ डिसेंबर १९७१ ला ३२ स्क्वाड्रनचं सुखोई-७ घेऊन तांबे शोरकोटच्या हवाई तळावर चालून गेले आणि परतले नाहीत. मात्र पकडलेल्या वैमानिकांच्या बातमीत ढाक्याच्या ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’ने ‘टॉम्बे’ असं नाव छापलं होतं. त्यांच्या पत्नी दमयंती या बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

‘बेपत्ता म्हणजे गेलेच, फक्त मृतदेह मिळाला नाही’ हा दुसरा समज. मेजर अशोक सुरी सरकारी कागदोपत्री मृतच होते. मग १९७४-७५ मध्ये वडिलांच्या हाती त्यांची पत्रं आली, अक्षर त्यांचंच ठरलं आणि ‘मृत’ पुसून ‘बेपत्ता’ अशी नोंद करावी लागली. मेजर ए. के. घोष यांचा गजाआडचा फोटो डिसेंबर १९७१ मध्येच ‘टाइम’ साप्ताहिकात आला होता. इतक्या ठसठशीत खुणा असताना ‘अफवा’ म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

पण बेपत्तांच्या यादीतले सगळे ५४ जण नक्की कैदेत होते, असंही म्हणता येत नाही. प्रत्येकाबाबतचा पुरावा सारखा भक्कम नाही. यादीही बदलत गेली. १९७९ मध्ये लोकसभेत ४० नावं मांडली गेली, पुढे ती ५४ झाली.

‘नातेवाईक स्वतः जाऊन आले, मग आता काय?’ असंही विचारतात. १९८३ मध्ये काही जण मुलतानच्या तुरुंगात गेले, २००७ मध्ये १४ जणांनी पाकिस्तानातले तुरुंग पाहिले. पण कैद्यांना समोरासमोर भेटू दिलं नाही, ही त्यांची तक्रार होती. अशा भेटीला तपास कसं म्हणायचं?

आमच्याकडे कुणीही कैदी नाही, असं पाकिस्तान सांगत आलं आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार कैदेत मरण पावलेल्या युद्धकैद्याचं नाव, मृत्यूची तारीख, कारण आणि दफनाची जागा कळवणं पकडणाऱ्या देशावर बंधनकारक आहे. तांबे यांच्याबद्दल दमयंतीबाईंना यातलं काहीही मिळालेलं नाही.