नंबरप्लेट झाकणे : नियम काय सांगतात

मूळ तरतूद : मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ३९. नोंदणी क्रमांक विहित पद्धतीने दर्शवल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवता येत नाही. तपशील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० व ५१ मध्ये.

अक्षरे : रोमन लिपी, आंतरराष्ट्रीय अंक. मोटारीसाठी उंची ६५ मिमी, जाडी व अंतर प्रत्येकी १० मिमी. त्यामुळे ४१४१ वळवून ‘दादा’ करणे, ही महाराष्ट्राची खास हौस, नियमबाह्य ठरते.

रात्री : मागील पाटीवर पांढरा प्रकाश हवा, क्रमांक १५ मीटरवरून वाचता यावा.

एचएसआरपी (उच्च सुरक्षा नोंदणी पाटी) : १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना बंधनकारक. क्रोमियम होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि एकदाच वापरता येणारे कुलूप. उघडल्यास ते तुटते.

दंड : कलम १७७ नुसार पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा घडल्यास १,५०० रुपयांपर्यंत (२०१९ची दुरुस्ती).

फरक : झाकलेली किंवा नक्षीदार पाटी हा मोटार वाहन नियमांचा भंग. दुसऱ्या वाहनाचा क्रमांक लावून फसवणूक केल्यास फौजदारी गुन्हा; १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय न्याय संहिता लागू.