जुनी जीप, जुना ट्रॅक्टर दुरुस्त करताय? आधी बोल्टचे आटे मोजा

हिंगोली : जिल्ह्यात आखाड्यावर, गोठ्याच्या कडेला उभी असलेली जुनी महिंद्रा जीप किंवा वडिलांच्या काळातला ट्रॅक्टर पुन्हा चालू करायची हौस आता तरुण पोरांना लागली आहे. इंजिन बांधून मिळतं, पत्राही ठोकून मिळतो. पण काम अडतं ते पाच-दहा रुपयांच्या बोल्टवर.

कारण साधं आहे. आज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो बहुतेक मिलिमीटरचा बोल्ट. जुनी जीप मात्र अमेरिकेतल्या विलीस कंपनीच्या नकाशावरची, म्हणजे इंचातली. महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ती मुंबईत जोडायला सुरुवात केली. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा बी-२७५ हा मूळ इंग्लंडमधला. जुने मॅसीही इंचातलेच. याउलट एचएमटीचा झेटर चेकोस्लोव्हाकियाचा, त्यामुळे तो मिलिमीटरचा. एकाच गावात दोन्ही प्रकार उभे असतात आणि मिस्तरीकडे डबा मात्र एकच.

आपल्याकडचे जुने मिस्तरी सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुताचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर भरतो आणि दुकानातला नवा ८ मिलिमीटरचा. फरक डोळ्याला दिसत नाही, घोटाळा होतो तो इथंच. ८ मिलिमीटरच्या साध्या बोल्टला एका इंचात साधारण २० आटे असतात. अडीच सुताच्या बारीक आट्याच्या बोल्टला २४, जाड आट्याच्या बोल्टला १८. त्यामुळे चुकीचा बोल्ट हाताने दोन फेरे जातो, मग अडकतो. मिस्तरी पाना लावून दाबतो, बोल्ट बसल्यासारखा वाटतो, पण आतले आटे खाल्लेले असतात. मग ‘टॅप मारून मोठं करू’ म्हणतात. एकदा का भोक मिलिमीटरचं झालं की मूळ बोल्ट त्या जागी कधीच बसत नाही. बिडाच्या हाउसिंगला जागा कमी असेल तर तडाही जातो.

बारीक आट्याला दुकानदार ‘यूएनएफ’ म्हणतात, जाडला ‘यूएनसी’. फार जुन्या इंग्रजी यंत्रांवर ‘व्हिटवर्थ’ आटाही सापडतो. चार सुताच्या बोल्टला यूएनसीमध्ये इंचाला १३ आटे, व्हिटवर्थमध्ये १२. आट्याचा कोनही वेगळा, ६० आणि ५५ अंश. हे दोन एकमेकांत बसवू नयेत.

मोजायला फार काही लागत नाही. बोल्ट ब्रशने साफ करा, पट्टीवर धरा, एका इंचात किती आटे येतात ते मोजा. पिच गेज असेल तर उत्तमच. नाहीतर खात्रीचा बोल्ट त्याला आडवा लावून उजेडात धरा, आट्यात आटा बसला नाही तर फट दिसते.

मग मिळतो कुठं? हार्डवेअरच्या दुकानात हेलपाटे मारण्यापेक्षा जुन्या ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्याकडे जा. मॅसी अजून शेतात चालतो, त्यामुळे इंची बोल्ट तिथं निघतात आणि आटा, जाडी, लांबी जुळली तर तेच जीपलाही चालतात. नांदेड, परभणीलाही विचारता येईल. तिथंही नाही जमलं तर मुंबईची नागदेवी स्ट्रीट आहे, नटबोल्टचा जुना बाजार. फोनवर ‘जीपचा बोल्ट पाहिजे’ म्हणू नका. ‘तीन सूत, यूएनएफ, दोन इंच लांब, हायटेन्सिल’ असं सांगा आणि पट्टीजवळ ठेवलेल्या बोल्टचा फोटो पाठवा.

बोल्टचं डोकंही वाचा. इंची बोल्टवर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, अधिक मजबूत. मिलिमीटरच्या बोल्टवर ८.८ लिहिलेलं असेल तर तो साधारण ग्रेड ५ च्या तोडीचा. ४.६ चा बोल्ट ८.८ च्या निम्म्या ताकदीचा. मडगार्डला काहीही चालेल हो, लेथवर साध्या सळईचा करून घेतला तरी. पण स्टिअरिंग, ब्रेक, पाट्याचे यू-बोल्ट आणि ट्रॉलीचा हूक इथं खूण नसलेला बोल्ट लावणं म्हणजे हळदीची भरलेली ट्रॉली देवाच्या भरवशावर वसमतला नेणं. चमकणारा स्टेनलेसही तिथं नको, साधा स्टेनलेस हायटेन्सिलपेक्षा कमजोर असतो. स्टिअरिंगच्या नटातली स्प्लिट पिन तर दरवेळी नवीच घालावी.

जुन्या विलीस जीपच्या डाव्या चाकांचे स्टड अनेकदा उलट्या आट्याचे असतात. ते नेहमीसारखे डावीकडे फिरवले तर सुटत नाहीत, उलट आवळतात आणि तुटतात. स्टडवर ‘एल’ अक्षर आहे का ते आधी बघा.

पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमानुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते, शुल्क २० हजार रुपये. अट अशी की चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. म्हणून उघडताना निघालेला प्रत्येक बोल्ट डिझेलमध्ये भिजवा, वेगळ्या पिशवीत ठेवा आणि वर जागा लिहा. मान बारीक झालेला बोल्ट पुन्हा लावू नका, पण भंगारातही टाकू नका. दुकानदाराला दाखवायला नमुना तोच.