जुनी नथ मोडण्याआधी

तोरणमाळच्या पठारावर आणि खाली धडगावच्या भागात पावरा आणि भिल्ल बायांच्या अंगावर चांदी शोभते. चांदी तोलली, कस पाहिला की मोल ठरलं. मोत्याचं तसं नाही. सारख्याच आकाराचे, सारख्याच पाण्याचे दोन मोती, एक नैसर्गिक आणि एक माणसानं पिकवलेला, शेजारी ठेवले तरी एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट असू शकते. हा फरक तराजूला कळत नाही आणि नुसत्या डोळ्यांनाही सहसा दिसत नाही. मोड घेताना सराफ सोन्याचं वजन धरतो. मोती त्यातून वजा होतात. पणजीची नथ किंवा तन्मणी अशी हातावेगळी होते आणि खरं मोल त्या वजा झालेल्या मोत्यांत होतं का, हे कोणी विचारतच नाही.

शिंपल्याच्या पोटात

वाळूचा कण शिरला की मोती तयार होतो, असं आपण ऐकत आलो. बहुतेक वेळा घडतं ते वेगळंच. एखादा परजीवी आत घुसतो किंवा कवचाच्या आतल्या मांसल पडद्याला इजा होते. त्या पडद्याच्या काही पेशी आत ढकलल्या जातात, त्यांची पिशवी बनते आणि ती थरावर थर चढवत राहते. हे थर कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिसूक्ष्म चकत्यांचे असतात. त्यांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, म्हणून मोत्याचं पाणी आतून आल्यासारखं वाटतं.

कल्चर मोत्यात सुरुवात माणूस करून देतो. शिंपल्याच्या कवचातूनच घडवलेला गोल मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या पडद्याचा बारीकसा तुकडा जिवंत शिंपल्यात बसवतात. पुढचं काम शिंपल्याचंच. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये अर्धगोल मोती पिकवला. गोल मोत्याची रीत नंतरच्या काळात बसली आणि १९२० च्या दशकात हे मोती युरोपच्या बाजारात पोचले.

म्हणजे कल्चर मोती खोटा नव्हे. खोटा तो काचेचा नाहीतर प्लास्टिकचा, वरून लेप दिलेला. मात्र नैसर्गिक मोती गाभ्यापर्यंत थरांचा असतो, तर जपानी अकोया मोत्यात मण्यावरचा थर अनेकदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असतो. चीनमधल्या गोड्या पाण्यातल्या मोत्यांत बहुधा मणी घालतच नाहीत, नुसता पडद्याचा तुकडा घालतात. ते जवळजवळ पूर्ण थरांचेच होतात. तरीही ते स्वस्त, कारण एकाच शिंपल्यात डझनावारी पिकतात. नैसर्गिक मोत्याची किंमत मुख्यतः त्याच्या दुर्मिळपणाची आहे.

बडोद्याचे सात सर

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरपलीकडे, गुजरातेत सोनगडचा किल्ला आहे. गायकवाडांनी अठराव्या शतकात तिथं बस्तान बसवलं. पुढं गादी बडोद्याला गेली. त्याच घराण्यातल्या खंडेराव महाराजांच्या खजिन्यात सात सरांचा मोत्यांचा हार होता. त्यातल्या निवडक ६८ मोत्यांचा दोन सरांचा हार २००७ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ७० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. त्यांनीच करवून घेतलेल्या, लाखो बारीक मोत्यांनी भरलेल्या गालिच्याला २००९ मध्ये दोह्यात सुमारे ५४ लाख डॉलर आले.

आपण ज्यांना बसरा मोती म्हणतो ते इराणच्या आखातातले. ते मुंबईत येत. इथं त्यांची निवड होई, भोकं पाडली जात, सर ओवले जात आणि माल पॅरिसपर्यंत जाई. १९१७ मध्ये कार्तिए या जवाहिऱ्यांनी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरचा वाडा मिळवला, तो दोन सरांचा, दहा लाख डॉलरचा नैसर्गिक मोत्यांचा हार देऊन. चाळीस वर्षांनी, १९५७ मध्ये, तोच हार सुमारे दीड लाखाला विकला गेला. मधल्या काळात जागतिक मंदी येऊन गेली होती आणि कल्चर मोत्यांनी बाजार भरला होता. बहारीनमध्ये १९३२ मध्ये तेल लागलं आणि पाणबुडे मोत्यांचा धंदा सोडून तिकडं वळले. पुरवठा आटला, म्हणूनच आज जुन्या चांगल्या बसरा मोत्याला पुन्हा मोठी मागणी आहे.

पारख कशी होते

मोती दातावर घासला आणि खरखरला तर तो काचेचा नाही, एवढंच कळतं. नैसर्गिक आणि कल्चर दोन्ही खरखरतात. भिंगातून भोकात पाहिलं तर कल्चर मोत्यात कधी कधी वरचा थर आणि आतला मणी यांच्यामधली रेघ दिसते. जुन्या नैसर्गिक मोत्याचं भोक फार बारीक असतं, कारण मोती वजनावर विकला जाई आणि भोक मोठं पाडणं म्हणजे वजन घालवणं. छडा मात्र क्ष-किरणांनीच लागतो. नैसर्गिक मोत्यात झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, मणी घातलेल्या मोत्यात मण्याची कड उमटते आणि बिनमण्याच्या मोत्यात बहुधा मध्ये छोटी वाकडी पोकळी.

दागिना १९२० च्या आधीचा असेल आणि मोती नंतर बदललेले नसतील, तर ते नैसर्गिक असण्याची शक्यता मोठी. नथीतल्या बारीक मोत्यांना फार किंमत येईलच असं नाही. पण टपोरे, गोल, एकसारखे मोती असतील तर मोड देण्याआधी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतून दाखला घ्यावा. नवा दागिना घेताना कल्चर मोती खुशाल घ्यावा, तो सुंदर असतो आणि परवडतो. फक्त पावतीवर ‘कल्चर’ असं स्पष्ट लिहून घ्यावं. जगभरच्या रत्नव्यापाराचा नियमही हाच आहे: नुसतं ‘मोती’ म्हटलं तर तो नैसर्गिकच असला पाहिजे. हा आग्रह गिऱ्हाइकानं धरला, तर कल्चर मोत्याचा मान राहील आणि जुन्या मोत्याचं मोल बुडणार नाही.