न्यूयॉर्कहून: त्या मुलांचं ऐकणारं कोण?

पुण्यात एका अल्पवयीन मुलाने केलेल्या पोर्श अपघातानंतर घरून येणाऱ्या मामाच्या प्रत्येक फोनवर एक वाक्य ठरलेलं असायचं: ‘तुमच्या अमेरिकेत असता तर तो पोरगा केव्हाच मोठ्यांच्या तुरुंगात गेला असता.’ जामिनासाठी घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीचा संताप मलाही आला होता. पण मामा, या बाबतीत अमेरिकेचा दाखला नको.

न्यूयॉर्क राज्यात अगदी २०१८ पर्यंत सोळा वर्षांच्या मुलावर प्रौढ म्हणूनच खटला चाले. कलीफ ब्राउडरला २०१० मध्ये पाठीवरची सॅक चोरल्याच्या आरोपावरून धरलं, तेव्हा तो सोळाच वर्षांचा होता. रायकर्स बेटावरच्या तुरुंगात तीन वर्षं, त्यातली सुमारे दोन एकांतकोठडीत. खटला उभा राहिलाच नाही. सुटल्यावर, २०१५ मध्ये, त्याने आत्महत्या केली. आपण ज्या कडकपणाची मागणी करतो, तो इथं असा राबवला गेला. २०१७ च्या कायद्याने राज्याने सोळा-सतरा वर्षांच्या बहुतेक मुलांना प्रौढांच्या खटल्यांतून बाहेर काढलं.

हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. इथल्या ‘डब्ल्यूएनवायसी’ या सार्वजनिक रेडिओने २०१८ मध्ये ‘कॉट’ ही पॉडकास्ट मालिका केली. सूत्रधार काई राइट, पण बोलतात ती बाल न्यायव्यवस्थेत अडकलेली मुलंच. ‘झी’ या अक्षराआड नाव झाकलेला एक मुलगा बाराव्या वर्षी पहिल्यांदा पोलिसांच्या तावडीत सापडला. सोळाव्या वर्षी तो सशस्त्र लुटीच्या आरोपाखाली कोठडीत होता. मधल्या चार वर्षांत त्याला कोण कोण भेटलं, हे ऐकताना बातमीतला ‘आरोपी’ गळून पडतो.

आपल्याकडे बालकांसाठी वेगळा कायदा १९२४ पासून आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. पण नाव झाकूनही ऐकता येतंच की! मुंबईत बातमीदारी करताना एका रिमांड होमच्या फाटकाशी एक आई भेटली होती. मुलाने मोबाइल चोरल्याचा आरोप होता. ‘ताई, पुढची तारीख कधी, तेवढं आत विचारून सांगाल का?’ एवढंच तिचं म्हणणं. मी विचारलं, पण धड उत्तर मिळालं नाही. ती भायखळ्याची धुणीभांडी बुडवून आली होती, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार होती.

पोर्शवाल्या मुलाचा जामीन, त्याचे वकील, त्याचा निबंध आपल्याला तोंडपाठ आहे. त्याच महिन्यात चोरीमारीसाठी आत गेलेल्या पोरांना वकील कधी भेटला, हे कोणी विचारलं का, मामा?