जुन्या संगणकास नवजीवन
विंडोज १० या कार्यप्रणालीचे सर्वसाधारण तंत्रसाहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाले. विंडोज ११ ज्यांवर चालत नाही, असे शाळांतील संगणक त्यामुळे निकामी ठरण्याचा संभव आहे. लिनक्स हा त्यावरील सुलभ उपाय होय. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा रचला. तिची मूळ रचना सर्वांस खुली असून डेबियनसारख्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात. पेनड्राइव्हवरून ती प्रथम चालवून पाहता येते. संगणकातील प्रणाली पुसावी लागत नाही. मुलांना टक्स पेंटवर चित्रे काढता येतात, स्टेलॅरियमवर आपल्या गावचे तारांगण न्याहाळता येते. कार्यालयास लिब्रेऑफिसमध्ये मराठी पत्रव्यवहार करता येतो. मात्र ती कायम बसविण्यापूर्वी महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत अन्यत्र जतन करावी. संगणक भंगारात काढण्याआधी शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य करावा.