डाव्या हाताचं काम

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात की-बोर्ड म्हणजे कॅसिओ, मग तो यामाहाचा असो की रोलँडचा. पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड, कुठलीही सुपारी आली की पहिली चौकशी ठरलेली: कॅसिओवाला कोण आहे? गेल्या चाळीसेक वर्षांत या कॅसिओवाल्यानं यंत्राकडून काय काय करवून घेतलं, ते मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. सिंथेसायझरच्या इतिहासात नवे आवाज घडवणाऱ्यांची नावं येतात. आपल्याकडे तसे आवाज फारसे घडले नाहीत, हे सरळ मान्य करावं. दोन पट्ट्यांच्या मधली जागा ज्याला ठाऊकच नाही अशा यंत्राला त्या जागेतून फिरवायचं, हा आपल्या वादकांचा उद्योग होता. उजवा हात सूर वाजवी, पण खरं काम डावा करी.

सुरुवात मुंबईत झाली. सत्तरच्या दशकात केर्सी लॉर्ड यांनी मिनीमूग हा सिंथेसायझर हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये आणला. ‘रूप तेरा मस्ताना’मधलं ॲकॉर्डियन वाजवणारे तेच. मिनीमूगला मेमरी नव्हती. एका गाण्यासाठी लावलेला आवाज पुढच्या गाण्याला मोडायचा, आणि पुन्हा हवा असेल तर कुठलं बटण कुठवर फिरवलं होतं ते कागदावर उतरवून ठेवायचं. पण त्याच्या डावीकडे सूर वरखाली नेणारं चाक होतं, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेणारी ग्लाइडची सोयही होती. आपल्या वादकाला आधी हवं असतं ते हेच.

१९८२ साली चरणजित सिंग यांनी मुंबईत रोलँडची तीन यंत्रं, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि शिकागोच्या ॲसिड हाउस या नाचाच्या संगीताच्या आधी हे मुंबईत कसं झालं, याची जगभर चर्चा सुरू झाली. त्या वादापेक्षा मला ३०३ची एक अट जास्त बोलकी वाटते. हे यंत्र बेस गिटारच्या जागी वाजावं म्हणून बनवलेलं. त्यात प्रत्येक सूर आधी भरावा लागतो आणि त्याला स्लाइड द्यायची की नाही तेही तिथेच ठरवावं लागतं. मींड घ्यायची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं, तर ती वाजवण्याआधी यंत्रात घालून ठेवायची! यमन गाणाऱ्याला हे सांगून पाहा.

आमच्याकडे हे लोण पोचायला नव्वदचं दशक उजाडलं. मुंबईच्या स्टुडिओंतून वापरून निघालेली वाद्यं नागपूरमार्गे इकडे येऊ लागली. त्यात सगळ्यात दरारा यामाहाच्या डीएक्स७चा. १९८३चं हे वाद्य, ६१ पट्ट्यांचं, एका वेळी सोळा सूर देणारं. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीवर चालणारं. यात सहा ऑपरेटर असतात, म्हणजे सहा साध्या लहरी. एक लहर दुसरीला हलवते आणि त्या हलण्यातून आवाजाचा रंग तयार होतो. कोण कुणाला हलवणार याच्या बत्तीस रचना, आणि एका आवाजामागे दीडशेच्या आसपास आकडे. ते सगळे दोन ओळींच्या छोट्या पडद्यावर एकेक करून पाहायचे आणि एकाच सरकत्या दांडीनं बदलायचे.

पुस्तिका इंग्रजीत, आणि बहुतेक वेळा ती वाद्याबरोबर आलेलीच नसे. तरी कानानं बरंच उमगायचं. हलवणाऱ्या लहरीचं प्रमाण एकास एक ठेवलं की आवाज भरीव आणि नाकातला होतो, तो शहनाईच्या कामाचा. तेच एकास दोन केलं की क्लॅरिनेटसारखी पोकळी येते, कारण तेव्हा फक्त विषम स्वरांश उरतात. हलवणाऱ्या लहरीची पातळी वाढवली की धार चढते. या दोन-तीन गोष्टी हाताला लागल्या की बाकीचे शंभर आकडे बिनधास्त विसरावेत.

मात्र या वाद्यात एक खोट होती आणि ती नेमकी आपल्याच मुळावर येणारी. घडवलेला आवाज मेमरीत राही, पण बेंडरची, म्हणजे सूर वरखाली नेणाऱ्या चाकाची रेंज, पोर्टामेंटोचा, म्हणजे सूर घसरत नेण्याचा वेळ, वाद्य एकसुरी चालवायचं की अनेकसुरी, या गोष्टी आवाजासोबत सेव्हच होत नसत. त्या अख्ख्या यंत्राला मिळून एकच. यामाहाच्या इंजिनिअरांना ते किरकोळ वाटलं असणार, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर पियानो होता. इथे शहनाई वाजवायची तर एकसुरी मोड लागे, पोर्टामेंटो लागे, आणि लगेच पुढच्या गाण्यात कॉर्ड धरायचे तर ते सगळं मोडून पुन्हा अनेकसुरी. निवेदकाचं बोलणं चालू असताना वादक खाली मान घालून बटणं दाबत असे ती याचसाठी. आवाज यंत्रात आणि मींड वहीत, अशी वाटणी होती. वहीत गाण्याचं नाव, पट्टी काळी चार की पांढरी पाच, आवाजाचा नंबर, आणि पुढे बेंडर दोन किंवा बारा अर्धस्वरांवर. दोनवर ठेवला तर भावगीतातलं आंदोलन हातात राहतं. बारावर एकाच हिसक्यात सप्तक ओलांडता येतं, पण बारीक श्रुती सापडत नाही.

वही लागायचं आणखी एक कारण वीज. भारनियमनाच्या वर्षांत जनरेटरवर कार्यक्रम चालत. व्होल्टेज पडलं की यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होई आणि सेव्ह न केलेला आवाज गेला. आतली बॅटरी संपली की सेव्ह केलेलेही गेले. डीएक्स७मध्ये तर ती बॅटरी डागून बसवलेली.

एप्रिलमधल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमांनी वेगळीच मागणी पुढे केली. विदर्भातल्या भीमगीतांत आणि कव्वालीत बेंजोची छेड हवीच, आणि तो आवाज आमच्याकडे आलेल्या वाद्यांत तयार मिळत नव्हता. मग क्लॅव्हिनेटसारखा टोकदार टोन घ्यायचा, त्याच्यावर तोच टोन किंचित बेसूर करून चढवायचा, सस्टेन काढून टाकायचा आणि उरलेलं बोटांनी भागवायचं. मला विचाराल तर जिल्ह्यातलं सगळ्यात अस्सल प्रोग्रॅमिंग तेच.

रोलँडची एक्सपी मालिका आली आणि बरेच हाल संपले. १९९५चा एक्सपी-५०, मग एक्सपी-८०, आणि दशकाच्या अखेरीस एक्सपी-३०, ज्यावर पुढे कितीतरी ऑर्केस्ट्रे चालले. यात एका पॅचमध्ये, म्हणजे घडवलेल्या एका आवाजात, चार टोन असत, आणि बेंडर, पोर्टामेंटो, सोलो म्हणजे एकसुरी मोड, हे सगळं पॅचसोबतच सेव्ह होई. बेंडर वर एक सप्तक, खाली चार सप्तकं. बारा स्वर स्वतंत्रपणे चढवता-उतरवताही येत, म्हणजे भैरवचा रिषभ हवा तितका खाली बसवा. ही सोय फार थोड्यांनी वापरली, कारण सोबतचं हार्मोनियम आपल्या जागेवरून हलत नाही. ‘आशिया’ नावाचं कार्ड घातलं की सतार आणि तबला आयतेच मिळत.

त्यानंतरचं थोडक्यात. यामाहा आणि कॅसिओ यांनी भारतासाठी वेगळी मॉडेलं काढली. त्यांत तबला, तंबोरा, शहनाई पहिल्या दिवसापासून हजर, आणि गाण्यागणिक तयार टोन पेन ड्राइव्हवर विकत मिळू लागले. लग्नाच्या धावपळीत हे सोयीचंच आहे, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण तयार शहनाई ऐकताना मला खटकते ती तिची रेकॉर्ड केलेली मींड. दर वेळी तेवढीच, दर रागात तीच.

आता डीएक्स७चा सगळा कारखाना संगणकावर फुकट मिळतो, डेक्स्ड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. जुन्या कार्ट्रिजमधले बत्तीसच्या बत्तीस आवाज एका फायलीत मावतात आणि ती फाइल भरते ४,१०४ बाइटची. व्हॉट्सॲपवरची सुप्रभातची चित्रंही तिच्या कितीतरी पट मोठी असतात. जुन्या वादकांनी घडवलेला आवाज कुणी जपून ठेवला असेल तर तो त्यात जसाच्या तसा उघडेल. बेंडर दोनवर होता की बारावर, हे मात्र त्या फायलीत नाही. ते वहीतच पाहावं लागेल.